लाल दगडांच्या वाळवंटात आई-बाबांसोबत: पाणी, बाथरूम आणि लांबचा पाऊस

(हा भाग ऐकण्याऐवजी वाचणाऱ्यांसाठी. बोलताना झालेली पुनरुक्ती काढली आहे, बाकी बोलणं तसंच ठेवलं आहे.)

मागे पंख्याचा आवाज येईल, तेवढा सांभाळून घ्या. हा भाग मी भातसानगरच्या घरातून रेकॉर्ड करतेय. सुट्टीवर आलेय, आई आत कुकर लावतेय आणि बाबांना मी आधीच सांगून ठेवलंय की अर्धा तास टीव्ही नको.

विषय तुम्हीच दिलेला आहे. फिनिक्सला नोकरीला गेल्यापासून मला सगळ्यात जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न असा: "आई-बाबा पहिल्यांदाच अमेरिकेला येतायत, त्यांना ग्रँड कॅनियन आणि तो लाल दगडांचा भाग दाखवायचाय, जमेल का?" थोडक्यात उत्तर: जमेल. मी केलंय. पण आपण मित्रांबरोबर हरिश्चंद्रगडला जातो तसं करायला गेलात तर नाही जमणार. मी आधी तसंच करायला गेले होते, ते कसं फसलं ते सांगते, म्हणजे तुमचं फसणार नाही.

कोण, कुठे, किती दिवस

आम्ही पाच जण होतो. आई, बाबा, मी, माझी मावसबहीण आणि तिची सहा वर्षांची लेक, जिला सगळे चिऊ म्हणतात. सप्टेंबरचा पहिला आठवडा. तिकडे तेव्हा लेबर डेची जोडून सुट्टी असते, तिला दोन रजा लावल्या.

रस्ता असा: फिनिक्सहून ग्रँड कॅनियनची दक्षिण कड, साधारण ३७० किलोमीटर. तिथून पेज नावाचं छोटं गाव, २२० किलोमीटर. मग ब्राइस कॅनियन, २४० किलोमीटर. मग झायन, १३५ किलोमीटर. आणि शेवटी लांबलचक परतीचा रस्ता. पहिले तीन आकडे बघा. म्हणजे एकेका दिवसाला मुंबई-नाशिकपेक्षा जास्त गाडी. रस्ते मोकळे असतात म्हणून नकाशावर ते सोपं दिसतं, पण म्हाताऱ्या गुडघ्यांना चार तास एकाच जागी बसणं हाच मोठा व्यायाम असतो. पाच दिवसांत चार ठिकाणं हा माझा पहिला चुकीचा हिशोब. आज करायचं झालं तर सात दिवस घेईन, किंवा एक ठिकाण सरळ गाळेन.

दगड लाल का?

हा चिऊचा प्रश्न, आणि मला उत्तर नीट येत नव्हतं. नंतर वाचलं.

त्या सगळ्या भागाला कोलोरॅडो पठार म्हणतात. ॲरिझोना, युटा, कोलोरॅडो आणि न्यू मेक्सिको अशा चार राज्यांत ते पसरलंय. पेज आणि झायनला जो मुख्य खडक दिसतो, तो नवाहो वालुकाश्म. साधारण १८ ते १९ कोटी वर्षांपूर्वी तिथे खरोखरच वाळूचे डोंगर होते, राजस्थानपेक्षाही मोठं वाळवंट. ती वाळू दबून दबून दगड झाली. भिंतीवर तिरक्या तिरक्या रेघा दिसतात ना, त्या म्हणजे वाऱ्याने वाळू ज्या उतारावर टाकली त्या उताराच्या खुणा. आणि लाल रंग लोखंडाचा. वाळूच्या कणांवर लोहाच्या ऑक्साइडचा पातळ लेप असतो. सोप्या भाषेत, गंज.

आता गंमत बघा. आपला सह्याद्रीचा काळा कातळ, म्हणजे बेसाल्ट, लाव्हारसातून झालेला, वय साधारण ६.६ कोटी वर्षं. त्यातही लोखंड भरपूर आहे, पण ते खनिजांच्या आत अडकलेलं, म्हणून दगड काळा. तोच दगड पावसात कुजला, लोखंड मोकळं झालं, की माती लाल होते. माथेरानला बूट लाल होऊन येतात ते यामुळेच. म्हणजे रंगाचं कारण एकच, फक्त आपल्याकडे ते काम पावसाने केलं.

बाबांनी दगडाला हात लावून पहिला प्रश्न विचारला तो वेगळाच होता. "हा पाणी पीत असेल ना?" तो प्रश्न लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

माहुलीच्या उलटं

शहापूरच्या माणसाला ट्रेक म्हणजे माहुली. आई-बाबा दोघंही तरुणपणी चढलेत. माहुलीला काय होतं? आधी चढ. दमलात, की तिथूनच मागे फिरायचं, आणि मागे म्हणजे उतार. शरीर स्वतःच सांगतं की बस झालं, आणि घरी जायचा रस्ता सोपा असतो.

ग्रँड कॅनियनला हे नेमकं उलटं आहे. तुम्ही वर, कडेवर उभे असता. गाडी वर, हॉटेल वर, आइस्क्रीमचं दुकान वर. पायवाट खाली जाते. उतरताना सगळ्यांना छान वाटतं, सकाळचा गार वारा असतो, फोटो निघत असतात. दमल्याचं कळेपर्यंत तुम्ही बरेच खाली गेलेले असता आणि आता पूर्ण परतीचा रस्ता चढाचा असतो. त्यात ऊन वाढलेलं. शिवाय खाली जाल तसं तापमान चढतं. दक्षिण कड समुद्रसपाटीपासून साधारण २१०० मीटरवर आहे, आणि तळाशी नदीजवळ कडेपेक्षा दहा-अकरा अंश सेल्सियस जास्त गरम असू शकतं.

तिथले रेंजर एक साधा हिशोब सांगतात: उतरायला जितका वेळ लागेल, त्याच्या दुप्पट चढायला धरा. म्हणजे तीन तास हातात असतील तर एका तासाने घड्याळ बघून मागे फिरायचं. दृश्य कितीही भारी असो.

मी हे वाचलेलं होतं. तरी ब्राइट एंजल नावाच्या वाटेने आम्ही उतरलो, पाऊण तास. मी पुढे, चिऊ माझ्यापुढे, आणि आई मागून, "मस्तच आहे गं" म्हणत. परत फिरलो आणि पंधराव्या मिनिटाला आई एका दगडावर बसली. म्हणाली, "जरा गरगरतंय." चेहरा पांढरा, ओठ सुकलेले. बीपीची गोळी सकाळी घेतलेली.

मी बॅगेतून तिची बाटली काढली. एक लिटरची बाटली, काठोकाठ भरलेली. झाकणाचं सील तसंच.

"आई, सकाळपासून प्यायलीच नाहीस?"

ती काही बोलेना. मग ताईकडे बघून हळूच म्हणाली, "अगं, प्यायले तर जायला लागेल. या उघड्या डोंगरात बाथरूम कुठे शोधू?"

मंडळी, माझ्या फोनमध्ये त्या ट्रिपची एक्सेल शीट होती. हॉटेल, अंतर, पेट्रोल, सूर्यास्ताची वेळ, सगळं. पाणी माणशी किती लिटर हाही कॉलम होता. बाथरूमचा कॉलम नव्हता. माझ्या डोक्यातच आलं नाही. आणि आईने विचारलं नाही, कारण तिच्या पिढीतल्या बायका हा प्रश्न विचारतच नाहीत, त्या पाणी पिणं बंद करतात. एसटीच्या प्रवासात करायच्या, लग्नाच्या हॉलवर करायच्या, तेच तिने तिथे केलं.

आम्ही तिला सावलीला बसवलं, मानेला ओला रुमाल, घोट घोट पाणी, मीठ-साखर घातलेलं, आणि शेंगदाण्याचे चार दाणे. अर्ध्या तासाने रंग आला. पाऊण तासात उतरलेली वाट चढायला आम्हाला दोन तासांच्या वर लागले. काही वाईट झालं नाही. पण त्या दोन तासांत मी मनातल्या मनात काय काय मोजत होते ते मलाच माहीत. माणूस बडबडायला लागला, उलट्या व्हायला लागल्या, घाम यायचा थांबला किंवा नीट उभं राहता येईना, तर मात्र बसून वाट बघायची नाही, लगेच मदत मागायची. तिकडचा नंबर ९११.

कोरड्या हवेतला घाम

हे आपल्याला कळत नाही त्याचं कारण आहे. कोकणातल्या आणि आपल्या ठाण्याच्या उकाड्यात घाम अंगावरून टपकतो. शर्ट भिजला की आपल्याला कळतं, पाणी गेलं. वाळवंटात हवा इतकी कोरडी असते की घाम आला आला म्हणेपर्यंत उडून जातो. शर्ट कोरडाच. बाबा दिवसभर म्हणत होते, "इथे घामच येत नाही, किती बरं वाटतं!" येत होता. दिसत नव्हता.

तर पाण्याचा हिशोब असा ठेवा. चालायचा दिवस असेल तर माणशी चार लिटर. तहान लागायची वाट बघू नका. पण नुसतं पाणीच पाणीही नको, कारण घामातून मीठही जातं आणि वर नुसतं पाणी ढोसलं तर रक्तातलं मीठ पातळ होऊन वेगळाच त्रास होतो. म्हणून सोबत खारट खाणं. आमच्याकडे पातळ पोह्यांचा चिवडा, खारे शेंगदाणे आणि ओआरएसची पाकिटं होती, आणि खरं सांगते, दुकानातल्या महागड्या एनर्जी बारपेक्षा चिवड्याने जास्त काम केलं. बीपी, शुगर, किडनीचं औषध चालू असेल तर किती पाणी, किती मीठ, हे निघायच्या आधी त्यांच्या डॉक्टरांनाच विचारा. आणि व्हिजिटर मेडिकल इन्शुरन्स काढल्याशिवाय विमानात बसवू नका, त्यात जुनी दुखणी धरलीत की नाही तेही वाचा.

आता बाथरूम. राष्ट्रीय उद्यानांच्या नकाशावर प्रत्येक टॉयलेटची खूण असते. आदल्या रात्री बसून ती खूण बघायची आणि आईला दाखवायची: इथे आहे, मग इथे आहे, मधे चाळीस मिनिटं. बऱ्याच ठिकाणी ती खड्ड्याची, बिनपाण्याची टॉयलेट असतात, स्वच्छ असतात पण नळ नसतो. म्हणून एक वेगळी पाण्याची बाटली, कागद आणि सॅनिटायझर. दुसऱ्या दिवसापासून मी गाडीत बसताना मोठ्याने सांगायचे, "पुढचं स्टेशन पस्तीस मिनिटांवर." आई हसायची. पण बाटली रिकामी व्हायची.

फोन खोटं बोलतो

आपण सगळे फोनवर चालणारी माणसं, म्हणून हा भाग नीट ऐका.

एक: नेटवर्क नाही. मैलोन्‌मैल नाही. नकाशे आदल्या रात्री हॉटेलच्या वायफायवर डाउनलोड करा. नेट नसलं तरी जीपीएसचा निळा ठिपका चालतो. बुकिंगचे स्क्रीनशॉट काढा. आई-बाबांना कागदावर हॉटेलचं नाव आणि तुमचा नंबर लिहून द्या. पेट्रोल अर्ध्यावर आलं की भरा.

दोन: घड्याळ. ॲरिझोना राज्य उन्हाळ्यात घड्याळ पुढे करत नाही. शेजारचं युटा करतं. आणि ॲरिझोनाच्याच आत असलेला नवाहो लोकांचा प्रदेश, तोही करतो. पेज गाव या सगळ्याच्या सीमेवर. फोन कधी या टॉवरला चिकटतो, कधी त्या, आणि तासाभराने मागे-पुढे उड्या मारतो. माझ्या फोनने आम्हा पाचही जणांना पहाटे एक तास आधी उठवलं. टाइमझोनच्या बगवर मी ऑफिसात पगार घेते, आणि तिथे चिऊ रडत होती. उपाय सोपा: सेटिंगमध्ये जाऊन ऑटोमॅटिक वेळ बंद करा आणि हाताने फिनिक्स निवडा. युटात शिरलात की बदला.

पाऊस तिकडे, पूर इकडे

पेजला आम्ही गेलो होतो अँटिलोप कॅनियन बघायला. तुम्ही फोटो पाहिलाय, नक्की पाहिलाय: लाटांसारख्या लाल-केशरी भिंती आणि वरून पडलेला उन्हाचा झोत. ती एक अरुंद घळ आहे, पाण्याने वालुकाश्म कापून केलेली. आपली सांदण दरी आठवा, जिचं खालचं तोंड आपल्या डेहणेच्या बाजूला निघतं. तशीच, फक्त काळ्याऐवजी लाल. ती नवाहो लोकांच्या जमिनीवर आहे, त्यामुळे त्यांच्या वाटाड्याशिवाय आत जाता येत नाही.

तासभर आधी पोचलेलो आम्ही. आभाळ निळंशार. आणि काउंटरवरच्या बाईंनी सांगितलं, आजची फेरी रद्द. वरच्या बाजूला वादळी पावसाचा इशारा आहे.

मी भांडायच्या तयारीत. दोन महिने आधीचं बुकिंग! मी वर बोट दाखवून म्हटलं, ढग कुठे आहे? तर बाबांनी माझा हात खाली केला. म्हणाले, "पाऊस इथे पडायला लागत नाही."

बाबा पाटबंधारे खात्यात होते, भातसा धरणावर, दरवाज्यांच्या कामात. आमच्याकडे पावसाळ्यात असं होतं: पाऊस पडतो वर, कसाऱ्याच्या डोंगरात. शहापुरात कधी कधी ऊन असतं. धरण भरतं, दरवाजे उघडतात, आणि खाली सापगावच्या पुलाजवळ नदी चढते. म्हणून दरवाजे उघडण्याआधी नदीकाठच्या गावांना सावध करावं लागतं. "नदीत उभ्या असलेल्या माणसाला वरचं काय दिसणार?" बाबा म्हणाले.

तिकडे तर दरवाजेही नाहीत. उघडा दगड, झाड नाही, माती नाही, पाऊस पडला की मुरायला वेळच मिळत नाही. सगळं पाणी उतारावरून त्या फटीत. १२ ऑगस्ट १९९७ ला याच अँटिलोप कॅनियनच्या खालच्या भागात अकरा पर्यटक वाहून गेले. घळीच्या तोंडाशी पाऊस जवळपास नव्हताच, वादळ काही मैल वर झालं होतं. सप्टेंबर २०१५ मध्ये झायनच्या एका अरुंद घळीत सात जण गेले. मला हे आधी माहीत असतं तर मी त्या बाईंशी तो सूर लावला नसता. जाताना मी त्यांना सॉरी म्हणून आले.

हेही सांगून ठेवते, त्या भागात जून मध्यापासून सप्टेंबरअखेरपर्यंतच्या या वादळी पावसाला तिथले लोक मॉन्सूनच म्हणतात. बाबांना याचं फार हसू आलं. "एवढ्याशा पावसाला?" पण आपले आई-बाबा बहुतेक याच महिन्यांत येतात. म्हणून नियम: कुठल्याही अरुंद घळीत शिरण्याआधी पूर-इशारा बघायचा, तो उद्यानाच्या माहिती केंद्रात लावलेला असतो. आत असताना पाणी गढूळ झालं, काटक्या वाहून यायला लागल्या किंवा वरून गडगड ऐकू आली, तर बॅग सोडा आणि उंचावर चढा. आणि तारखा हातात असतील तर एप्रिल किंवा ऑक्टोबर निवडा.

पेज म्हणजे त्यांचं भातसानगर

दिवस मोकळा झाला, म्हणून आम्ही धरण बघायला गेलो. ग्लेन कॅनियन धरण, कोलोरॅडो नदीवर, गावाला लागूनच. उंची २१६ मीटर. आपलं भातसा ८८ मीटरच्या आसपास, म्हणजे अडीच पट. १९६३ मध्ये पाणी अडवायला सुरुवात झाली आणि मागचा पॉवेल तलाव पहिल्यांदा पूर्ण भरला तो १९८० मध्ये. सतरा वर्षं. भातसा एका पावसात भरतं.

आणि पेज गाव? ते १९५७ मध्ये वसवलं, धरणावरच्या कामगारांना राहायला. हे वाचलं आणि बाबा आईला म्हणाले, "अगं, ही तर आपली कॉलनी!" संपूर्ण ट्रिपमध्ये ते एवढे खूश कुठेच झाले नाहीत. ग्रँड कॅनियनलाही नाही.

मग ते कठड्याला टेकून बराच वेळ तलावाकडे बघत राहिले. लाल कड्यांवर पाण्याच्या वर एक पांढराशुभ्र पट्टा आहे, बादलीच्या आत क्षाराची रेघ धरते तसा, पण काही मजले उंच. पाणी पूर्वी कुठपर्यंत होतं त्याची ती खूण. २०२३ च्या सुरुवातीला हा तलाव भरल्यापासूनच्या सगळ्यात खालच्या पातळीवर गेला होता. बाबांनी रेंजरला विचारायला लावलं, दगड पाणी पितो का? मी भाषांतर केलं. रेंजर म्हणाला, हो, भरपूर. वालुकाश्मात पाणी मुरतं, आणि वरून उन्हाने उडतं ते वेगळं. बाबांनी मान डोलावली. काळ्या कातळावर आयुष्य काढलेल्या माणसाला ते हातानेच कळलं होतं.

या नदीचं पाणी चार कोटींच्या आसपास लोकांना जातं. कुणी किती घ्यायचं याचा करार १९२२ मध्ये सात राज्यांनी केला. त्या वाटपात नदीकाठच्या आदिवासी जमातींना बोलावलंच नव्हतं. आज पेजपासून थोडं पुढे नवाहो प्रदेशात गेलं की पिकअपच्या मागे टाकी बांधून पाणी भरायला निघालेली माणसं दिसतात. तिथल्या जवळजवळ एक तृतीयांश घरांत नळाचं पाणी नाही. १८६८ च्या तहाप्रमाणे सरकारने आम्हाला पाणी मिळवून द्यावं, अशी त्यांची मागणी होती. ती जून २०२३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी फेटाळली.

गाडीत मी हे वाचून दाखवलं. कुणी काही बोललं नाही. आई म्हणाली, "आपल्याकडचा टँकर मार्चमध्येच सुरू होतो." तेवढंच.

तुम्ही मुंबईत ऐकत असाल तर एक लक्षात घ्या. मुंबईला सात तलावांतून पाणी मिळतं, आणि त्यातलं निम्म्याच्या आसपास एकट्या भातसाचं. तानसाही शहापूर तालुक्यातच. आणि याच तालुक्यातल्या कित्येक गावपाड्यांना दर उन्हाळ्यात टँकरची वाट बघावी लागते. मी धरणाच्या कॉलनीत वाढले. आमच्या नळाला पाणी होतं. शाळेतल्या पाड्यावरच्या मैत्रिणी हंडे भरून मग शाळेत यायच्या, आणि मला ते दिसत असूनही कधी दिसलं नाही. ते दिसायला मला तेरा-चौदा हजार किलोमीटर लांब जावं लागलं, याची थोडी लाज वाटते.

ब्राइस आणि झायन, पटकन

ब्राइसला लाल-केशरी सुळक्यांचं जंगल आहे. तिथे उंचीकडे लक्ष द्या. कड साधारण २४०० ते २७०० मीटरवर, आपल्या कळसूबाईच्या १६४६ मीटरपेक्षा खूपच वर. धाप लागते, डोकं धरतं, रात्री थंडी पडते. पहिला दिवस सावकाश. सनराइज पॉइंट ते सनसेट पॉइंट ही कडेकडेने जाणारी पक्की वाट एक किलोमीटरपेक्षा कमी आहे, आणि सगळ्यात देखणं दृश्य तिथूनच दिसतं. खाली उतरायची गरज नाही.

झायन हे आई-बाबांसाठी सगळ्यात सोयीचं. वर्षातला बराच काळ मुख्य दरीत खासगी गाड्या बंद असतात आणि फुकट बस फिरते. शेवटच्या थांब्यावरून रिव्हरसाइड वॉक ही नदीकाठची पक्की वाट, जाऊन-येऊन साडेतीन किलोमीटर, जवळपास सपाट, झाडांची सावली. भिंतींतून पाणी झिरपतं आणि तिथे नेचे उगवलेत. वरच्या दगडाने शोषलेलं पाणी खालच्या घट्ट थराला अडतं आणि आडवं बाहेर येतं. आपल्या गडावरच्या टाक्यांमागे कपारीतून थेंब पडतात ना, तसं. आई तिथे दीड तास बसली, पाय नदीत सोडून.

मुलं असतील तर माहिती केंद्रात ज्युनियर रेंजरची पुस्तिका मागा. कोडी सोडवायची, मग रेंजरसमोर शपथ घ्यायची, की बिल्ला मिळतो. चिऊने चार बिल्ले कमावले आणि चारही दिवस कुरकुर केली नाही. प्रवेशाचे दर आणि परदेशी पाहुण्यांसाठीचे नियम बदलत असतात, ते जाण्याआधी उद्यानांच्या सरकारी साइटवरच बघा, कुणाच्या जुन्या व्हिडिओवर विसंबू नका. माझ्यासुद्धा.

स्क्रीनशॉट काढा

• दिवसाचा वेग सगळ्यात हळू चालणाऱ्या माणसाचा.
• खाली उतरणारी वाट असेल तर एक तृतीयांश वेळ संपला की मागे.
• चालणं सकाळी दहाच्या आत. दुपारी गाडी, जेवण, झोप.
• माणशी चार लिटर पाणी, सोबत खारट खाऊ.
• बाथरूम कुठे, ते निघण्याआधी मोठ्याने सांगायचं.
• चपला नाहीत, बूट. साडी चालेल, बूट हवेतच.
• टोपी आणि पूर्ण बाह्यांचा सुती सदरा.
• घळीत शिरण्याआधी वरच्या भागातला पाऊस बघायचा.
• ऑफलाइन नकाशा, हाताने लावलेलं घड्याळ.

एवढंच. रेकॉर्डिंगच्या आधी मी आईला विचारलं, त्या ट्रिपमधलं तुला काय आवडलं? ती म्हणाली, झायनची नदी. आणि मग म्हणाली, "तू ते स्टेशन सांगायचीस ना, पस्तीस मिनिटांवर, ते." बाबांचं उत्तर तुम्हाला माहीत आहे.

तुमच्या आई-बाबांसोबतच्या प्रवासात काय फसलं, ते मला व्हॉइस नोटमधून पाठवा, पुढच्या भागात वाजवू. कुकरची तिसरी शिट्टी झाली, मी चालले. भेटू!